तीनशे दहा पावलं

आमच्या ह्यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे डोक्याला ताप. लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा पहिल्यांदा दोघं संध्याकाळी बाहेर पडलो. मी आपली काहीबाही बोलतेय, आणि हे हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, लाजतायत बिचारे. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी पोचल्यावर थांबले आणि म्हणाले, "पाचशे चौसष्ट. तू मध्येमध्ये बोलत होतीस, त्यामुळे एखाद-दुसरं इकडेतिकडे झालं असेल." नवी नवरी शेजारून चालतेय आणि हा माणूस पावलं मोजतोय! तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

जमीनमोजणीच्या ऑफिसात ह्यांनी चौतीस वर्षं काढली. सुरुवात साखळीचं टोक धरण्यापासून, आणि निवृत्त झाले तेव्हा मोजणीदार. नोकरीच्या पहिल्या महिन्यात वरच्या साहेबांनी ह्यांना मैदानावर चुन्याच्या दोन रेघांमध्ये रोज सकाळी चालवलं होतं. पाऊल बरोबर अडीच फुटांवर पडेपर्यंत सोडलं नाही. तेव्हापासून ते पाऊल अडीच फुटांचं जे झालं ते झालंच. लग्नाच्या हॉलमध्ये अडीच फूट, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अडीच फूट. ऑफिसात ह्यांना फूटपट्टी म्हणायचे, आणि ते नाव तिथून आमच्या गल्लीतही आलं. दुसरा कुणी चिडला असता. ह्यांना उलट बरं वाटायचं.

मी पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. नवीन शिवत नाही, ती कटकट नको. चेन बदलायची, उंची कमी करायची, बारीक झालेल्यांचे कपडे आत घ्यायचे, जाड झालेल्यांचे सैल करायचे. दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाइकं जास्त. निवृत्तीनंतर हे घरात बसतील आणि माझ्या कामात लुडबुड करतील ही मला धास्ती होती. झालं भलतंच. हे रानात जायला लागले.

आमच्या गल्लीच्या टोकाला टेकडी आहे. वर जुनी पाण्याची टाकी, आणि टाकीच्या मागे नुसतं काटेरी रान. टेकडीवर फिरणाऱ्यांसाठी चांगली आखलेली वाट आहे, मध्येमध्ये बसायला बाकं आहेत. पण त्या वाटेनं जातील तर ते आमचे हे कसले! ह्यांचं म्हणणं, वाटेवर जे काही होतं ते लोकांनी कधीच उचललं. जे राहिलंय ते वाटेबाहेर. म्हणून हातात होकायंत्र आणि काठी घ्यायची आणि नाकासमोर सरळ चालत सुटायचं. मध्ये झुडूप आलं तर झुडपातून, खड्डा आला तर खड्ड्यातून. टोकाला पोचलं की चाळीस पावलं बाजूला सरकायचं आणि तसंच परत यायचं. हा नांगर फिरवल्यासारखा प्रकार आठवड्यातून चार दिवस. माझ्या नशिबी फाटलेल्या पँटी. एका वर्षात मी ह्यांच्या अकरा पँटींना ठिगळं लावली. गिऱ्हाइकांची कामं राहिली बाजूला.

आणि घरी काय यायचं? गंजलेले नट. जाड हिरव्या बाटलीचं बूड. कढईचा कान. ढकलगाडीचं चाक. रुळाचा हातभर तुकडा, तो तर खांद्यावर टाकून आणला. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर, दिशा आणि टाकीच्या दारापासूनचं अंतर. मग ती वस्तू बुटांच्या खोक्यात घालून गॅलरीत ठेवायची. एकदा अर्धं फावडं आणून माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. मी सांगितलं, या टेबलावर एक तर हे फावडं राहील नाहीतर मी. ह्यांनी थोडा विचार केला, हे मला जास्त लागलं.

खरं सांगायचं तर तक्रार करायची म्हणून मी करायचे. माणूस उन्हातान्हात हिंडून येतो, चार घास जास्त खातो आणि लहान पोरासारखा खूश असतो, याचं मला बरंच वाटायचं. ते मी तोंडानं कधी बोलले नाही एवढंच.

गॅलरीतल्या त्या खोक्यांशेजारी माझ्या सासूबाईंची खुर्ची असते. शहाऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे पूर्ण गेलेत, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात तेवढंच. बोलणं मोजकं. मुलगा काय आणतो, कुठून आणतो, याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. एक दिवस ह्यांनी पितळेचा गोल बिल्ला आणला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, वर भोक, मधोमध नंबर ठोकलेला. चिंचेनं घासून लख्ख केला आणि उजेडात धरून बघत होते, सत्तेचाळीस की एक्केचाळीस. तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "सत्तेचाळीस. तो सिमेंटवाल्याचा. आपला बावन्न होता."

ह्यांनी स्टूल ओढलं आणि बिल्ला हातात घेऊनच त्यांच्यासमोर बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्रेसष्ट वर्षांपूर्वी ती टाकी बांधली, तेव्हा माझे सासरे तिथं पाइप जोडायच्या कामावर होते. टाकीच्या मागे कामगारांची वस्ती होती, पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा. हजेरीला हे बिल्ले. ह्यांना एवढंच माहीत होतं, की वडील गावोगाव पाइपाच्या कामावर फिरायचे. ह्याच टेकडीवर होते हे कुणी सांगितलंच नव्हतं. कारण ते सांगायचं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी होती. एकोणीस महिन्यांची. त्या वस्तीतच तापानं फणफणली आणि तीन दिवसांत गेली. वस्तीच्या पलीकडे तिला पुरली. पुढे महिन्याभरात हे झाले, काम संपलं, खोल्या उचलल्या, सगळे पांगले. सासरे म्हणाले होते, पोराला सांगू नको, त्याच्या डोक्याला उगाच कशाला घोर. सासरे जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती, पण सासूबाईंनी शब्द पाळला तो त्या दिवसापर्यंत.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "कुठल्या बाजूला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला साठी उलटल्यावर कळतं की आपल्याला बहीण होती, आणि हा विचारतो बाजू कुठली! पण बघते तर हे लख्ख झालेला बिल्ला पुन्हा चिंचेनं घासत होते.

सासूबाईंना मात्र तो प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी पटकन उत्तर दिलं. जणू कधीपासून कुणी विचारायची वाट बघत होत्या. सिमेंटच्या कोठाराला पाच दगडी पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवरून मावळत्या सूर्याकडे तोंड करायचं आणि सरळ तीनशे दहा पावलं. गवत डोक्यापेक्षा उंच होतं, वाट नव्हती, म्हणून मोजत जायच्या. रोज जायच्या. जागा ओळखू यावी म्हणून सासऱ्यांनी तिथं एक लोखंडी कडं ठेवलं होतं. पाइप उतरवताना एकाचं तोंड तडकून निघालं होतं, तेच गडगडत नेऊन जमिनीवर आडवं बसवलं होतं. म्हणाल्या, "आता एकदा ती जागा बघायची होती. पण तिकडे रस्ता करतायत ना?"

ते खरंच होतं. वर दुसरी टाकी व्हायची होती आणि तिच्यासाठी मागच्या रानातून रस्ता काढणार होते. चुन्याच्या खुणा करून झाल्या होत्या. तीन आठवड्यांनी मशिनं येणार होती. पेपरात बातमी आली होती, आणि ती सासूबाईंनी वाचली होती हे मला तेव्हा कळलं.

ह्यांना त्या पाच पायऱ्या ठाऊक होत्या. वर्षापूर्वीच सापडल्या होत्या, चिठ्ठी नंबर एकोणीस. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मला म्हणाले, दुपारच्या जेवणापर्यंत काम होईल. सूर्य थंडीत एका जागी मावळतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्या, हे लक्षात घेऊन ह्यांनी दिशाही बदलून घेतली होती, कारण मुलगी गेली ती थंडीत. चढाचा फरक काढला होता. आता हे बाईमाणसाचं पाऊल, तर अडीच फूट कसं धरायचं, म्हणून ऑफिसातल्या जुन्या नियमाप्रमाणे दोन फूट धरलं. म्हणजे सहाशे वीस फूट. मला कागदच दाखवला. ह्यात कुठं चूक काढायची?

दुपारी आले नाहीत. संध्याकाळी आले ते रिकाम्या हातानं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सहाशे वीस फुटांवर खूण करून तिच्याभोवती मोठमोठी वर्तुळं घेत झुडूप न् झुडूप काठीनं चाळलं. मग वाटलं, आईचं पाऊल लांब असेल, म्हणून सातशेपर्यंत गेले. कोयता घेऊन गेले. माणूस आठवड्याभरात उतरला. हातांवर ओरखडे, गालावर ओरखडा, जेवणावर लक्ष नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरी आल्यावर सासूबाईंच्या समोरून जायचं. त्या काही विचारायच्या नाहीत, नुसतं तोंडाकडे बघायच्या आणि परत टेकडीकडे बघायला लागायच्या. दहाव्या-अकराव्या दिवशी हे स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन म्हणाले, आईला आकडा नीट आठवत नसेल, वय झालंय. मी म्हटलं, बिल्ल्याचा नंबर बरोबर आठवला की नाही? हे पुन्हा कागद उलगडून बसले. माझाही जीव तुटत होता, पण मला त्यातलं काय कळतंय?

सोळा दिवस गेले. पाच राहिले.

सोळाव्या दिवशी दुपारी माझ्याकडे बसची कंडक्टर आली. आमच्याच गल्लीतली पोरगी, आठवा महिना भरत आलेला, तरी ऑफिसात बसायच्या ड्यूटीवर जायची. युनिफॉर्मची पँट सैल करायची होती. मी मशीनवरून तिला म्हटलं, ये आत, माप घेते. दारापासून माझ्यापर्यंत यायला तिला जो वेळ लागला, तो मी बघत बसले. एक हात कमरेवर, अंग मागे रेललेलं, आणि पाऊल कसलं, नुसता पाय पुढे सरकवायचा. दार ते मशीन मी चार पावलांत जाते. तिला सहा-सात लागली.

मी टेप गळ्यात तशीच टाकून गॅलरीत गेले आणि विचारलं, "आई, तुम्ही तिकडे रोज जायचात, तेव्हा तुम्हाला कितवा होता?"

"आठवा," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "का गं?"

चौतीस वर्षं दुनियेच्या जमिनी मोजल्या ह्या माणसानं. सूर्य हिशेबात घेतला, चढ हिशेबात घेतला. बहीण थंडीत गेली हे कागदावर लिहिलं, आणि स्वतःचा वाढदिवस कधी येतो हे ह्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ह्यांना निरोप पाठवून रानातून बोलावून घेतलं. पुढचा अर्धा तास गल्लीनं फुकटचा तमाशा बघितला. कंडक्टर पोरगी पहिल्यांदा हसली, पण कशासाठी ते सांगितल्यावर हसायची थांबली आणि म्हणाली, सांगा कुठून चालू. हे गल्लीत खडूनं रेघा मारतायत, ती सावकाश चालतेय, मी तिच्याबरोबर हात धरायच्या तयारीत, आणि समोरचा वाणी दुकान सोडून बाहेर. फूटपट्टी आता बायकांची पावलं मोजायला लागला, असं कुणीतरी म्हणालं. ह्यांना ऐकूही आलं नाही. पन्नास पावलांचे एकाहत्तर फूट भरले. पावलाला एक फूट पाच इंच. तिथंच रस्त्यावर उकिडवे बसून खडूनं गुणाकार केला. तीनशे दहा पावलं म्हणजे चारशे एकोणचाळीस फूट. गवतातून पाऊल आणखी आखूड पडतं, म्हणून थोडं अलीकडेच बघायचं.

त्या दिवशी मीही बरोबर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती आखलेली वाट सोडून आत शिरलं की काय होतं ते मला अंगावरच्या कपड्यांवरून कळलं, म्हणून सांगते, अकरा पँटी म्हणजे कमीच झाल्या. पाच पायऱ्या दिसल्या, नुसते दगड, मध्ये मुंग्यांचं घर. हे खालच्या पायरीवर उभे राहिले आणि टेप सोडत निघाले. ह्या वेळी पावलं मोजली नाहीत.

चारशे सव्वीस फुटांवर काठी टण् करून वाजली.

एका काटेरी झुडपाच्या मुळाशी ते कडं होतं. परातीएवढं, मातीत अर्धं बुडालेलं, एका बाजूला तडा गेलेला आणि त्या तड्यातून मूळ आरपार वाढलेलं. वर वाळका पाला. आणि त्याच्या शेजारून, नऊ फुटांवरून, ह्यांची स्वतःची पायवाट पडली होती. सोळा दिवस हे तिथूनच जात होते, ताठ मानेनं, सहाशे वीसकडे.

ह्यांनी सवयीनं खिशातून चिठ्ठी आणि दोरा काढला. चिठ्ठीकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली. मग खाली बसले आणि रडले. सासरे गेले तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. डोळे पुसून म्हणाले, "मी सगळं धरलं गं. मला तेवढं धरलं नाही."

दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन रस्त्याच्या इंजिनिअरकडे गेले. इंजिनिअर म्हणजे तिशीतली मुलगी. तिनं नकाशा नीट बघितला, ह्यांच्या मापात एक इंचाची खोट निघाली नाही, आणि तरीही तिनं सरळ सांगितलं की रस्ता आता हलणार नाही, वळण तिथूनच येतंय. हवं तर जे काही असेल ते उकरून दुसरीकडे न्यायला माणसं देते, म्हणाली. हे घरी येऊन आईला कसं सांगावं या विचारात बूटसुद्धा न काढता बसून राहिले. मीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, काही उकरायचं नाही. रस्ता होतोय तर होऊ दे, येणारी-जाणारी माणसं असतील, इतकी वर्षं एकटीच होती. फक्त त्याआधी मला तिथं न्या.

तर रस्ता झाला. त्याच वळणावर आता बस वळते, आणि हे अजून रानात जातात, पलीकडच्या अंगाला. पण मला सांगायचंय ते मशिनं यायच्या आदल्या दिवसाचं.

इंजिनिअर मुलीनं चार मजूर दिले होते. त्यांनी सकाळीच झुडपं तोडून खुर्ची जाईल एवढी जागा केली. आमच्याकडची हाताची खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, आणि सासूबाईंना बसवून नेलं. मी पदोपदी, सांभाळून, दगड आहे, डावीकडे घ्या, असं ओरडत मागून. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अगं, जरा श्वास घे. कड्यापाशी खुर्ची ठेवली. मजूर समजूतदार, न सांगता लांब जाऊन बसले.

सासूबाई कड्याचा तडा आणि त्यातून वाढलेलं मूळ बघत होत्या. ह्यांना राहवेना. चारशे सव्वीस फूट कसे भरले, तडा कुठल्या बाजूला आहे, असं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी हात वर करून ह्यांना थांबवलं.

"त्या दिवशी मला वाकता आलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तू होतास ना पोटात. दुसऱ्यांनीच ठेवली तिला खाली. नंतर रोज यायचे. उभी राहायचे आणि परत जायचे. हात काही लागला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला खाली बसवा."

डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वीच बजावलं होतं की जमिनीवर बसायचं नाही, बसलात तर उठता येणार नाही. आई, गुडघे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं. ह्यांनी एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. इंचाइंचानं खाली आणलं. गुडघे कटकट वाजले, त्यांनी दात आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही. पाय पसरून बसल्या. कड्यातला वाळका पाला एक-एक करून बाजूला केला, आणि उघड्या मातीवर हात ठेवला, पंजा पूर्ण पसरून.

आम्ही दोघं तसेच त्यांच्या काखेत हात घालून ओणवे. माझी पाठ भरून आली, ह्यांचीही आली असणार. बऱ्याच वेळानं ह्यांनी हळूच विचारलं, आई, उठायचं का?

"सोडा मला दोघंही," सासूबाई म्हणाल्या. "आता उठवायची घाई करू नका."